गंजलेला सायलेन्सर, एक स्प्रे कॅन आणि बाबांची डोकेदुखी

आवाज नीट येतोय ना? मागच्या भागात पंख्याची घरघर आली म्हणून बऱ्याच जणांनी मेसेज केले. त्यामुळे आज पंखा बंद करून, घाम पुसत पुसत बोलतोय. काही जण बसमध्ये असाल, काही जण भांडी घासताना ऐकत असाल. आजचा भाग गाडी नसलेल्यांनीही ऐकायला हरकत नाही. घरात कुणाची तरी गाडी असतेच.

विषय आहे गंजलेला सायलेन्सर रंगवणे. पुस्तकात मफलर म्हणतात, पण गॅरेजमध्ये जाऊन मफलर म्हणालात तर समोरचा माणूस तुमच्या गळ्याकडे बघेल. आपण सायलेन्सरच म्हणू.

तर माझं घर रत्नागिरीला, भाट्याच्या बाजूला. मी पुण्यात नोकरी करतो, दिवसभर स्क्रीनसमोर. बीटेक झालोय, पण कॉम्प्युटरमध्ये. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा कानस घासून चौकोनी करायचा होता, तो माझ्या हातून शेवटपर्यंत चौकोनी झाला नाही. एवढीच माझी मेकॅनिकल पात्रता. हे आधीच सांगून ठेवतो.

घरी बाबांची २००८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. डिसेंबरमध्ये आठ दिवस सुट्टी काढून गेलो होतो. पहिल्याच दिवशी मागून गाडीकडे बघितलं, तर सायलेन्सरचा डबा म्हणजे अगदी फणसाच्या पाठीसारखा. तपकिरी, खडबडीत, पापुद्रे सुटलेले, आणि त्यावर मधे मधे चंदेरी ठिपके. म्हटलं, ‘बाबा, हे चंदेरी काय?’ तर म्हणाले, ‘गेटला सिल्व्हर मारला ना दोन वर्षांपूर्वी, त्यातला उरलेला मारला. महिन्याभरात उडाला मेला.’

उडणारच. गेटचा रंग उन्हासाठी असतो, आगीसाठी नाही. पेट्रोल गाडीत इंजिनच्या तोंडाशी, जिथून धूर बाहेर पडतो तिथे, जोरात पळवताना तापमान ७००-८०० अंशांपर्यंत जातं. मागे येईपर्यंत ते बरंच उतरतं, तरी शेवटच्या डब्यालासुद्धा दीडशे-दोनशे अंश सहज लागतात, लांब घाट चढताना त्याहून जास्त. साधा तेलाचा रंग एवढ्या उष्णतेत आधी पिवळा पडतो, मग करपतो आणि मग पापड निघावा तसा निघतो.

यासाठी वेगळा रंग मिळतो, हाय टेंपरेचर सिलिकॉन पेंट. साध्या रंगाला धरून ठेवणारं राळेसारखं द्रव्य कार्बनच्या साखळ्यांचं असतं, ते जळतं. या रंगात ती साखळी सिलिकॉन आणि ऑक्सिजनची असते, ती खूप जास्त उष्णता सोसते. कॅनवर ६०० किंवा ६५० अंश असं काहीतरी लिहिलेलं असतं. मी पुण्याहून निघतानाच नाना पेठेतल्या एका दुकानातून काळा मॅट कॅन घेतला होता. म्हणजे मी आधीपासून ठरवूनच गेलो होतो. खरं सांगू का, रील बनवायचा होता. आधी असं, नंतर तसं, मागे म्युझिक. सुट्टीत तेवढंच.

आता हा गंज येतो कुठून, हे थोडं सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. बाहेरून गंज येतो हे आपल्याला दिसतंच. आमच्याकडे तर खारा वारा आहे, सायकलची चेनसुद्धा आठवड्यात लाल होते. पण सायलेन्सर आतूनही गंजतो. पेट्रोल जळलं की त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पाणी तयार होतं. किती? १ लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ १ लिटर पाणी. मला पहिल्यांदा पटलंच नाही, मी कागदावर रेणूंचे भार मांडून गणित केलं. ऑक्टेन धरला तर ११४ ग्रॅममधून १६२ ग्रॅम पाणी निघतं. अर्थात ते वाफ होऊन निघून जातं. पण कधी? सायलेन्सर तापलेला असेल तर. गाडी थंड असेल तर ती वाफ आतल्या थंड पत्र्यावर जमते आणि पाणी होऊन डब्याच्या तळाशी साठते. सकाळी गाडी चालू केल्यावर मागून थेंब थेंब पाणी पडतं ना, तेच हे. लांब प्रवास केला की सुकून जातं.

आणि आमचे बाबा लांब प्रवास करत नाहीत. बाजार १ किलोमीटर, हॉस्पिटल ३ किलोमीटर. गाडी तापायच्या आत बंद. म्हणजे त्या डब्यात कायम ओल. पंधरा वर्षं त्या गाडीने नवीन माणसासारखं जपून आयुष्य काढलं आणि त्या जपण्यानेच सायलेन्सर खाल्ला. गाडी कमी चालवली म्हणजे चांगली राहते असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. सायलेन्सरच्या बाबतीत ते साफ चूक आहे.

तर कामाला लागलो. गाडी रात्रभर थंड होती. मागची बाजू उचलायची, तर जॅक लावला आणि पुढच्या चाकांना चिरे लावले, घराच्या मागे चार-पाच पडलेलेच असतात. इथे एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो. चिरा चाकाला उटी म्हणून ठीक आहे, गाडीखाली टेकू म्हणून कधीच लावू नका. जांभा दगड आहे तो, दिसायला मजबूत, पण एका ठिकाणी भार आला की भसकन फुटतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. मी शेजारच्या गॅरेजमधून दोन लोखंडी स्टँड मागून आणले. स्टँड मिळत नसतील तर वॉशिंग सेंटरवाल्याला शंभर-दोनशे रुपये द्या आणि दुपारी त्याचा रॅम्प रिकामा असेल तेव्हा काम करा. अंग चेपून घेण्यापेक्षा परवडतं.

मग घासणं. रंगकामात रंग मारणं हा दहा टक्के भाग असतो. बाकी सगळं घासणं. तारेच्या ब्रशने आधी सुटलेले पापुद्रे काढले, मग ड्रिलला तारेचं चाक लावलं. चष्मा हवाच, उघड्या डोळ्यांनी करू नका. त्या चाकाच्या तारा सुटून उडतात. माझ्या टीशर्टमध्ये तीन रुतलेल्या सापडल्या. नाकावर मास्क, कोरोनातले पडलेले असतीलच घरात. त्यानंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. लोखंडाचा गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो फुगतो आणि सुटतो, आणि खालचं नवीन लोखंड उघडं पडतं. म्हणून सुटा गंज राहिला आणि त्यावर रंग मारला, तर रंग लोखंडाला नाही, गंजाला चिकटतो. गंज पडला की रंगही पडला. तांबूस डाग राहिले तरी चालतात, पण नखाने निघेल असं काही राहता कामा नये.

बाबा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, ‘आधी रेड ऑक्साइड मार. त्याशिवाय रंग धरतो का कधी?’ गेटला, ग्रिलला, खिडकीला त्यांनी आयुष्यभर रेड ऑक्साइड मारलाय. म्हटलं, ‘बाबा, ते इथे जळून जाईल आणि वरचा रंगही घेऊन जाईल.’ सिलिकॉन रंग सरळ स्वच्छ लोखंडावर मारतात, नाहीतर त्याच जातीचा उष्णतेचा प्रायमर घेतात. त्यांना पटलं नाही. ते नुसते ‘बघ बुवा’ म्हणाले.

घासून झाल्यावर मी तपासणी केली. हे करायचंच असतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकायचं. टणटण वाजलं तर पत्रा शाबूत आहे. थपथप वाजलं तर पत्रा पातळ झालाय. मग टोकाने दाबून बघायचं. जोडाच्या कडा आणि जिथे पाइप डब्यात शिरतो ती जागा, तिथे आधी जातं. मी खालून ठोकलं, बाजूने ठोकलं, मागून ठोकलं. सगळीकडे टणटण. एका कोपऱ्यात थोडं मऊ वाटलं, पण टोक आत गेलं नाही. खूश झालो. तळाला एक बारीक भोक दिसलं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, साठलेलं पाणी जायला. ते बुजवायचं नाही, आगपेटीची काडी खोचून रंगवायचं.

वर ठोकलं नाही. वर हात जात नव्हता. डबा आणि गाडीचा तळ यात जेमतेम तीन बोटांची फट. आणि मला वाटलं, वर काय असणार? पाणी तर खाली साठतं. मी रोज टेस्टिंगवरून ज्युनियर पोरांना बोलतो, की जे सोपं आहे तेवढंच तपासू नका म्हणून. आणि स्वतः हात जाईल तेवढंच तपासलं.

थिनरने पुसलं, रबरी हँगर टेपने झाकले, मागच्या बंपरला वर्तमानपत्र लावलं. पुढचा कन्व्हर्टर आणि त्याच्याजवळचा ऑक्सिजन सेन्सर, याला मी हातच लावला नाही, तुम्हीही लावू नका. सेन्सरवर रंग गेला तर भलताच खर्च. मग कॅन दोन मिनिटं हलवला आणि एक वीतभर लांबून पातळ हात मारले. एक हात, पंधरा मिनिटं थांबा, दुसरा हात, थांबा, तिसरा. एकदम जाड मारला तर गरम झाल्यावर फोड येतात. तिसऱ्या हातानंतर जे काही दिसत होतं ना! अगदी शोरूममधून आणल्यासारखा काळा कुळकुळीत. फोटो काढले, मित्रांच्या ग्रुपवर टाकले. आईलासुद्धा काठी टेकत टेकत बाहेर यायला लावलं. तिने बघितलं आणि म्हणाली, ‘छान आहे. पण हे दिसतं कुणाला?’

आता शेवटची पायरी. हा रंग हवेत सुकतो, पण पक्का होतो तो उष्णतेने. कॅनवर पद्धत लिहिलेली असते, माझ्या कॅनवर होतं ते असं: गाडी १० मिनिटं चालू ठेवा, मग थंड होऊ द्या, मग २० मिनिटं, पुन्हा थंड, मग थोडी फिरवून आणा. पहिल्यांदा धूर येतो आणि वास येतो, म्हणून उघड्यावर करायचं. टेप आणि कागद आधी काढायचे, हेही सांगतो, कारण मी विसरता विसरता राहिलो.

गाडी खाली उतरवली, अंगणात मधोमध लावली. बाबा म्हणाले, मी बसतो. काचा बंद, एसी चालू, रेडिओ चालू. मी मागे उभा राहून व्हिडिओ काढतोय. पाच-सहा मिनिटांनी डब्यावरून धुराच्या रेषा निघायला लागल्या. अपेक्षेप्रमाणेच. करपट वास. मी मस्त झूम करतोय, आणि बाबांनी काच खाली केली.

‘अरे, आत वास येतोय रे. नेहमीपेक्षा जास्त येतोय.’

मी म्हणालो, ‘हो बाबा, रंगाचा आहे, येणारच.’ आणि मग ते वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. नेहमीपेक्षा. म्हटलं, ‘नेहमीपेक्षा म्हणजे? नेहमी वास येतो?’

‘येतो थोडा. गाडी जुनी आहे.’

मी त्यांना गाडी बंद करायला सांगितली आणि बाहेर काढलं. ते म्हणायला लागले, अजून दहा मिनिटं व्हायचीत. आमच्या बाबांचं असं आहे, कॅनवर १० मिनिटं लिहिलंय म्हणजे १० मिनिटं.

डिकी उघडली, तर वास तिथे बाहेरच्यापेक्षा जास्त. सामान काढलं, चटई उचलली, स्टेपनी काढली. स्टेपनीच्या खोलगट भागात तळाला एक भोक असतं, पाणी काढायला, आणि त्याला रबरी बूच असतं. आमच्या गाडीत बूच नव्हतं. कधीतरी गाडी आतून धुतली असेल, काढलं असेल, परत लावलंच नसेल. रुपयाएवढ्या भोकातून अंगणातला उजेड सरळ दिसत होता. आणि त्याच्या कडेला चारी बाजूंनी काळी काजळी. चुलीच्या वर भिंतीला असते तशी.

तासभर डबा थंड होऊ दिला. मग फोनचा फ्लॅश लावला, व्हिडिओ चालू केला आणि फोन त्या तीन बोटांच्या फटीतून आडवा आत सरकवला. हे मी आधी करू शकलो असतो. फुकट होतं. बाहेर काढून व्हिडिओ बघितला. डब्याच्या वरच्या बाजूला, जिथे पुढचा पाइप आत शिरतो त्या जोडापाशी, करंगळी जाईल एवढं भोक. आणि त्याच्या बाजूने पत्रा बिस्किटासारखा. वरच्या अंगाला रस्त्याचा चिखल आणि पानं बसून राहिली होती, ती ओल धरून ठेवत होती. पावसाळाभर ओल्या फडक्याखाली ठेवल्यासारखं. म्हणजे वर काय असणार, याचं उत्तर मिळालं.

आता हे का गंभीर आहे. सायलेन्सर फुटला की आवाज वाढतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बाबांना जो वास येत होता तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा, मोनॉक्साइडचा नव्हे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतो, मग शरीराला ऑक्सिजन कमी पडायला लागतो. सुरुवातीला काय होतं? डोकं जड, गरगरणं, मळमळ, झोप. म्हणजे ज्याला आपण ऊन लागलं, पित्त झालं, बीपी वाढलं म्हणतो, तेच सगळं. कन्व्हर्टर ठणठणीत आणि तापलेला असेल तर बराचसा मोनॉक्साइड तिथेच संपतो. पण जुना कन्व्हर्टर, त्यात गाडी कधी पुरती तापलेलीच नाही, तर त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी फिजिओथेरपी. बाबा तिला घेऊन जायचे, ती आत जायची, आणि हे हॉस्पिटलच्या खालच्या पार्किंगमध्ये, भिंतीला पाठ करून लावलेल्या गाडीत बसून राहायचे. एसी लावून, काचा बंद. पाऊण तास, कधी तास. तीन बाजूंनी भिंती.

संध्याकाळी मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलो. बाबांना सवय आहे, रात्री काहीतरी लिहितात. ‘डोकं’ हा शब्द शोधला. तीन महिन्यांत सात मेसेज. ‘आज डोकं जड आहे, लवकर झोपतो.’ ‘डोकं दुखतंय, उद्या बोलू.’ मी एकेक तारीख कॅलेंडरवर बघितली. सातपैकी सहा मंगळवार किंवा शुक्रवार. प्रत्येक मेसेजला माझं उत्तर होतं. तीन वेळा अंगठा, दोन वेळा ‘पाणी प्या भरपूर’, एकदा ‘चष्म्याचा नंबर तपासून घ्या’. एकदा काहीच नाही.

मला त्या रात्री झोप लागली नाही. रोज सर्व्हरचे लॉग वाचायचा मला पगार मिळतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, असू शकतं, पण आता रक्त तपासून कळणार नाही. साध्या हवेत चार-पाच तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, आणि शेवटचं बसणं होऊन तीन दिवस झाले होते. बीपीची गोळीही त्यांनी महिनाभरापूर्वी बदलली होती, तेही कारण असू शकतं. तर मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही की त्या भोकामुळेच. पण डॉक्टरांनी एक सांगितलं ते लक्षात ठेवा: गाडीत बसल्यावर डोकं दुखतं आणि मोकळ्या हवेत आल्यावर उतरतं, असं वारंवार होत असेल तर त्या गाडीत बसू नका, आधी गाडी दाखवा. आणि गाडीत कुणी गुंगीत किंवा बेशुद्ध सापडलं तर पहिलं बाहेर काढा, मग १०८ ला फोन.

मला हेही आठवलं की गाडीची पीयूसी चालू होती. सगळं नियमात. पण पीयूसीची नळी शेवटच्या टोकात घालतात. मधल्या भोकाशी तिचा काही संबंध नाही. उलट भोकातून जे निघून गेलं ते नळीपर्यंत पोचतच नाही.

गॅरेजवाले काका, ज्यांच्याकडून स्टँड आणले होते, त्यांच्याकडेच गाडी नेली, काचा उघड्या ठेवून. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, खालून माझा काळा कुळकुळीत डबा बघितला आणि हसले. ‘रंग मस्त मारलाय. विकायला काढलीय काय गाडी?’ मी म्हटलं, नाही हो, असंच. तर म्हणाले, ‘नाही, विकणारे असंच करतात. खालून रंगवलेली जुनी गाडी दिसली की मी आधी ठोकून बघतो.’ मला ते फार लागलं. कारण मी फसवायला नव्हता मारला, पण निघालं ते तसंच. आधीचा गंजका डबा बघून कुणीतरी बाबांना म्हणालं असतं, काका, हा बदला. मी ते म्हणायची सोय काढून टाकली होती.

त्यांनी एक जुनी युक्ती दाखवली, ती घरी करता येते. गाडी थंड असताना चालू करायची, जाड ओलं फडकं हातमोजा घालून मागच्या नळीच्या तोंडावर तीन-चार सेकंद दाबून धरायचं. शाबूत असेल तर आतून जोर येऊन फडकं ढकललं जातं. कुठे भोक असेल तर तिथून फुस्स आवाज येतो. आमच्या गाडीत आवाज डिकीखालून स्पष्ट ऐकू आला. फार वेळ धरायचं नाही, आणि बंद जागेत तर करायचंच नाही.

मी विचारलं, वेल्डिंग करून पट्टी मारता येईल का? त्यांनी स्क्रूड्रायव्हर वरून दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. म्हणाले, ‘धरायला पत्रा तर पाहिजे.’ बाजारातला बाहेरचा डबा, गॅस्केट, नवीन रबरं आणि मजुरी धरून ३,४०० रुपये झाले. बूच २० रुपयांचं. माझा रंगाचा कॅन ४५० चा होता.

आता गंमत बघा, रंग वाया गेला नाही. अर्ध्याहून जास्त कॅन उरला होता. नवीन डबा साध्या लोखंडाचा होता, त्यावर दुकानातला पातळ काळा रंग, नखाने निघणारा. काका म्हणाले, बसवायच्या आधीच मार, आता सगळीकडे हात जाईल. तो रंग घासून काढला, थिनरने पुसला आणि उन्हात टांगून तिन्ही हात मारले. वरच्या बाजूला चार. खरंतर हीच रंगवायची वेळ. नवीन असताना, गंज यायच्या आधी, आणि पाइपच्या जोडांना वेल्डिंगच्या रेषेवर नीट. वेल्डिंग आधी गंजतं. आतून तो गंजणार आहेच, त्याला रंग काही करू शकत नाही. त्यासाठी बाबांना सांगितलंय की पंधरा दिवसांतून एकदा गणपतीपुळ्याला जाऊन या, पाऊण तास गाडी सलग चालेल, आतलं पाणी सुकेल. आई खूश आहे. तिच्या मते पंधरा वर्षांत गाडीने सांगितलेलं हे पहिलं चांगलं काम.

जुना डबा भंगारवाल्याला द्यायच्या आधी मी ग्राइंडरने मधोमध कापला, कुतूहल म्हणून. आतून ओंजळभर तपकिरी पाणी आणि गंजाचा भुगा निघाला. आतले पडदे हाताने मोडत होते. बाहेरून माझा काळा रंग मात्र एका जागीही उडालेला नव्हता.

रील टाकला नाही. तो फटीतला व्हिडिओ मात्र ठेवलाय, तो या भागाच्या पानावर खाली लावतो, भोक कसं दिसतं ते बघून ठेवा.

बाबा आता हॉस्पिटलमध्ये वर बाकड्यावर बसतात. तिथे त्यांना तीन मित्र मिळालेत, सगळ्यांच्या बायकांचे गुडघे. परवा मंगळवार होता. रात्री साडेनऊला मी फोन केला, म्हटलं, ‘डोकं कसं आहे?’ तर म्हणाले, ‘डोक्याला काय झालंय? तू तेवढं सांग, तो रेड ऑक्साइड मारला असतास तर बरं झालं असतं ना?’

चला, पंखा लावतो आता. भेटू पुढच्या रविवारी.